ओला, सुका आणि बाबा

खत करायचा उद्योग घरात मी आणला, पण तो चालवला बाबांनी.

मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं दोन खोल्यांचं घर आहे. संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला की कचऱ्याच्या डम्पिंगचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. एकदा खिडकी लावताना माझ्या मनात आलं, की आज सकाळी आपण दिलेली कचऱ्याची पिशवीही तिथेच कुठेतरी पडली असणार. बायकोला तसं म्हटलं, तर ती पोळी उलटत म्हणाली, "मग काय करणारेस? आधी खिडकी नीट लाव ना."

पुढच्या रविवारी मी भोकं पाडलेलं एक निळं पिंप आणून गॅलरीत ठेवलं आणि ओला कचरा त्यात टाकायला लागलो. पहिल्याच महिन्यात वाट लागली. अळ्या झाल्या, चिलटं घरभर फिरू लागली, खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर काळं पाणी ठिबकलं. खालच्या काकूंनी "वर उकिरडा केलाय" असं अख्ख्या विंगला सांगितलं. मी पिंप भंगारवाल्याला देणार होतो, पण बाबांनी ते ताब्यात घेतलं.

त्यांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. उभं आयुष्य गिरणीत गेलेलं, आणि गिरणी बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलेलं. पण आई गेल्यापासून त्यांचे दिवस रिकामे होते. कधी कोरडा पाला घाल, कधी आंबट ताक शिंपड, असं करत करत चार वेळा फसल्यावर एकदाचं ते जमलं. एका सकाळी मूठभर काळी माती माझ्या नाकाशी धरून ते म्हणाले, "वास घे. पावसात शेताक येता ना, तसो." मालवणी त्यांच्या तोंडातून कधी गेलीच नाही.

मग एकेक सवय घरात शिरली. मासे आणायला स्टीलचा डबा जाऊ लागला. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर लटकू लागल्या. बायकोने जुन्या पडद्यांच्या पिशव्या शिवल्या, त्यातली एक माझ्या ऑफिसच्या बॅगेत कायमची राहिली. अंधेरीला ऑफिसात सगळे हसायचे, पण वाढदिवसाला कागदी पेले आले की मी आपला घरचा कप काढायचो. बाबा रोज सकाळी नेमाने पिंप ढवळायचे आणि सुका कचरा वेगळा करून खाली नेऊन द्यायचे. खालच्या काकू कढीपत्त्याच्या कुंडीसाठी त्यांच्याकडे खत मागू लागल्या. बाबा खूश होते. आम्हीही होतो.

एका दुपारी बायको शाळेत शिकवून आली, तर बाबा मोरीच्या दाराशी पडलेले. डोळे उघडे, तोंड वाकडं झालेलं. पॅरालिसिसचा झटका होता. उजवी बाजू गेली. बोलणं राहिलं, पण जड, तुटक. हॉस्पिटलमधून घरी सोडताना डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की आता सुधारणा फार होणार नाही, सेवा नीट करा.

त्यांच्यासोबत घरी आलं ते सामान मी पहिल्यांदाच बघत होतो. डायपरचे पुडे, पलंगावर अंथरायची प्लास्टिकची अंडरपॅडं, हातमोजे, ओले टिश्यू, औषध पाजायच्या सिरिंजा. प्रत्येक वस्तू एका पिशवीत आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. पहिल्याच दिवशी कचऱ्याची पिशवी एवढी मोठी झाली, की ती उचलताना मला दोन हात लावावे लागले.

बाबांना डायपर बांधायला गेलो, तर त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. त्या हातात अजून चांगलीच ताकद होती.

"ह्यां नको. माका फडको दी."

"बाबा, फडकं पुरणार नाही. रात्रभर ओलं राहील."

"धू. मी तुझे धुतलंय."

बायकोने तिच्या जुन्या सुती साड्या काढल्या आणि फाडून त्यांच्या घड्या करून ठेवल्या. मलाही आतून बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. बाबांचा हट्ट आणि माझा विचार एका बाजूला होते.

ते दिवस पावसाचे. धुतलेलं वाळेना. पंख्याखाली, खुर्च्यांच्या पाठीवर, दारांवर, फ्रिजच्या हँडलवर फडकी. घराला एक आंबूस वास लागला. बायको शाळेला जायच्या आधी एक बादली धुवायची, मी ऑफिसातून आल्यावर दुसरी. दिवसा सांभाळायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "कपडे मी धुणार नाही, साहेब." त्यांचंही खरंच होतं. घरी असलो की आम्ही फडकी दर तासाला बदलायचो, तरी कधी डोळा लागायचा, कधी कळायचंच नाही. बाबा सांगायचे नाहीत. लाजायचे.

एकदा कुशीवर वळवताना त्यांच्या कमरेखाली मला रुपयाएवढा लाल डाग दिसला. दोन दिवसांत तिथली कातडी गेली.

घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती जखम पाहिली, दोरीवरच्या फडक्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"कापड का वापरताय?"

"त्यांना डायपर नको असतं. आणि आम्ही शक्यतो प्लास्टिक..."

"चांगलंय," त्या म्हणाल्या. "पण यांची कातडी आता कागदासारखी झालीय. ओल अजिबात चालणार नाही. घरात चार माणसं असती, लख्ख ऊन असतं, तर मी कापडाला हो म्हटलं असतं. तुमच्याकडे दोन्ही नाही."

त्या गेल्यावर मी डायपर घेऊन पलंगाशी गेलो. बाबांनी सगळं ऐकलं होतं. या वेळी त्यांनी हात धरला नाही. फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांना वळवलं, पुसलं, पट्ट्या लावल्या. एका तरण्या माणसाच्या जोराने ज्यांनी मला खांद्यावर बसवून गणपती दाखवले होते, ते माझ्या हाताखाली गाठोड्यासारखे वळत होते. मी ओलं झालेलं अंडरपॅड गुंडाळत असताना ते भिंतीकडे बघतच म्हणाले,

"ह्यां खंय जातलां?"

"गाडीत जातं, बाबा."

"मगे?"

"डम्पिंगला."

"मगे?"

पुढे काही नव्हतंच. त्यांनाही ते माहीत होतं. मी कागदात गुंडाळी केली, वर लाल पेनाने फुली मारली, आत काय आहे ते सफाईवाल्यांना कळावं म्हणून तशी खूण करायची असते. तेवढंच माझ्या हातात होतं.

मग एकेक सवय जशी आली होती, तशीच गेली. ठरवून काहीच सोडलं नाही. मासळी बाजारात जायला वेळ कुठला, मग फोनवरून मागवले की कापून, प्लास्टिकच्या डब्यात, वर बर्फाची पिशवी घालून मासे यायला लागले. स्वयंपाक झाला नाही की बाहेरून जेवण. दुधाच्या पिशव्या न धुताच डब्यात. कापडी पिशवी बॅगेत होती, पण मेडिकलवाला पुडे काळ्या पिशवीत भरून तयारच ठेवायचा आणि मी ती मुकाट्याने उचलायचो. माणूस थकला की त्याच्या हाताला सर्वांत जवळचं जे असतं तेच तो घेतो, आणि आमच्या शहरात सर्वांत जवळ प्लास्टिकच असतं.

पिंपाकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. वरून पाऊस, आत न ढवळलेला कचरा. एके दिवशी खालच्या काकू स्वतःच वर आल्या. बाबांची विचारपूस केली, मग दाराशी हळूच म्हणाल्या, "तुमची अवस्था बघतेय रे मी. बोलायला बरं वाटत नाही. पण खाली फार वास येतोय." त्या रविवारी मी झाकण उघडलं आणि मागे सरलो. आत वळवळत होतं सगळं. बायको माझ्या मागे उभी होती.

"मी करते काहीतरी," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. "नाही रे. माझ्याने दोन्ही होत नाही. बाबा तरी, नाहीतर हे तरी."

मी पिंप सफाईवाल्यांना पैसे देऊन उचलायला लावलं. गॅलरीत ओला गोल डाग राहिला.

बाबांना सांगितलं नाही. ते आतल्या खोलीत, गॅलरी तिथून दिसत नाही. पण ते रोज सकाळी विचारायचे, "पिंप ढवळलंस?" मी "हो" म्हणायचो. काही दिवस त्यांनी मान हलवली. मग एका सकाळी, चहा भरवताना, चमचा तोंडाशी गेला तसे ते थांबले.

"मगे वास कसो येना नाय?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. मग स्वतःच तोंड पुढे करून चमचा ओठात घेतला. त्यानंतर त्यांनी पिंपाचं नाव काढलं नाही.

कमरेखालची जखम भरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तसंच झालं, कोरडं राहिल्यावर कातडी धरली. म्हणजे आम्ही जे केलं ते बरोबरच होतं. तरी मला कधी जिंकल्यासारखं वाटलं नाही. रोज सकाळी मी ती पिशवी खाली न्यायचो, आणि ज्या गाडीत एकेकाळी बाबा मूठभर सुका कचरा ऐटीत द्यायचे, तिच्यात ती टाकायचो. गाडीवरचा माणूस रोज विचारायचा, "बाबा कसे आहेत?" मी म्हणायचो, "आहेत."

थंडी पडता पडता बाबा गेले. सकाळी, झोपेतच. दिवसकार्य झालं, गावचे लोक परतले, जखमेसाठी आणलेली हवेची गादी कोणीतरी घेऊन गेलं. पलंगाखाली डायपरचे न उघडलेले पुडे उरले.

समोरच्या विंगमधली एक बाई ते न्यायला आली. तिच्या सासूबाई हल्लीच अंथरुणाला खिळल्या होत्या. पुडा हातात घेऊन ती नुसतीच उभी राहिली.

"दादा, हे बांधायचं कसं? एकटीला जमतं?"

मी लोड आडवा ठेवला आणि तिला दाखवलं. आधी माणसाला कुशीवर घ्यायचं, पाठीमागे अर्धं सरकवायचं, मग हळूच दुसऱ्या कुशीवर. पट्टी फार आवळायची नाही. ती मान हलवत राहिली, मग म्हणाली, "त्या बोलत नाहीत हो माझ्याशी, हे केलं की. तोंड फिरवतात. तुमचे बाबा?"

"तेही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"काही नाही," मी म्हटलं. "थांबायचो. घाई करू नका, एवढंच."

लिफ्ट त्या दिवशी बंद होती. तिने दोन पुडे काखेत घेतले आणि जिना उतरायला लागली. उरलेले घेऊन मी तिच्या मागोमाग निघालो.