आत्याने फक्त खिडकीतून पाहिलेलं गाव

मैत्रिणींनो, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

आज नागपुरातल्या महाल भागात आत्याकडे गेले होते. आम्ही नवरा-बायको इंग्लंडमधली जुनी बाजारपेठेची गावं बघायला जाणार आहोत. हौसेने तिला मोबाइलवर फोटो दाखवले. दगडी घरं, चर्च, चौकातला आठवडी बाजार.

तिने बाजाराच्या फोटोवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "असंच होतं वं ते गाव."

सत्तरच्या दशकात तिचं लग्न तिकडे स्थायिक झालेल्या एका मराठी डॉक्टरशी झालं आणि मोडलं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

"तो बाहेरून कुलूप लावून दवाखान्यात जाये. खिडकीतून बाजार दिसे. लोकं हसत, फिरत. मी नुसती पाहात बसू."

"ओरडली का नाहीस गं?"

"कोणाले काय सांगू? इंग्रजी कुठं येत होतं मले?"

एका बाजाराच्या दिवशी अंडी विकणारी बाई दाराशी आली. आत्याने खिडकीतून कुलपाकडे बोट दाखवलं आणि हात जोडले. ती बाई निघून गेली, ती पोलिसांना घेऊनच परतली. पुढे बाबांनी आत्याला नागपूरला आणलं.

मी घाईने मोबाइल बाजूला ठेवला. म्हटलं, "आम्ही नाही जात तिकडे."

"काहून? जा ना! अन् मलेही ने. त्या बाजारात मले एकदा माझ्या पायानं फिरायचं आहे."

आत्याचे गुडघे पार गेलेत. तरी मी हो म्हणून आलेय. तुमच्यापैकी कोणी एवढ्या वयाच्या माणसाला इतक्या लांब नेलंय का? कसं जमवलंत?