बैलांची खाच

लोकांच्या हातून दूध नासतं, फार तर एखादं लग्न नासतं. माझ्या हातून अख्ख्या आळीचा इतिहास नासला. एवढी एक गोष्ट मी तिळभरही फुगवून सांगत नाही. बाकीचं जपून ऐका.

चिंचवडाहून तळवड्याकडे निघालेल्या गाडीवाटेवर आमची अकरा घरांची आळी होती. तीच वाट पुढे महाळुंग्यावरून चाकणच्या बाजाराला जायची. आळीच्या तोंडाशी विहीर. खोल इतकी, की सकाळी सोडलेला पोहरा दुपारी जेवायच्या वेळेला पाण्याला टेकायचा आणि वर येईपर्यंत पाणी म्हातारं व्हायचं. तिच्या काठाला काळे पाषाण बसवलेले होते आणि वर्षानुवर्षं दोर घासून त्या दगडांना खाचा पडल्या होत्या. प्रत्येक घराची खाच ठरलेली. दुसऱ्याच्या खाचेत दोर घालणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. नव्या सुनेला पहिल्या दिवशी देव दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी खाच. एक घर प्लेगात सगळंच्या सगळं गेलं होतं. त्याच्या खाचेत शेवाळ साचलं होतं, तरी तिथून कुणी दोर सोडत नसे.

पन्नास साल उलटून थोडी वर्षं झाली असतील. माळावर एक मोठा कारखाना उभा राहायला लागला. मी तिथे सिमेंटची पोती उतरवायचो. एका दमात वीस पोती, असं मी सांगायचो. तुम्ही दोन धरा. कारखान्याला रुंद रस्ता हवा होता आणि आमची आळी बरोबर त्याच्या आड येत होती. आळी उठणार हे कळल्यावर बायका रडल्या, पुरुषांनी तंबाखू मळली. आळीत भाड्याने राहणारे शाळेचे गुरुजी मात्र सुताचा दोरा आणि एक वही घेऊन विहिरीवर जाऊन बसले.

"घरं जातील, पण माहिती जाता कामा नये," ते म्हणाले. कोकणातला माणूस. आमच्या आळीचा इतिहास त्याला आमच्यापेक्षा जास्त हवासा वाटला, ह्याचं आम्हाला हसू यायचं. दोऱ्याने ते खाचा मोजत आणि बोटांच्या मापाने लिहून ठेवत. हिशोब सरळ होता. खाच जितकी खोल, तितकं घर जुनं. मग त्या घरच्या माणसाला एकट्याला गाठून आठवतं ते विचारायचं आणि त्याच पानावर उतरवायचं.

सगळ्यांत खोल खाच पाच बोटांची होती. ती चाचीची. चाची म्हणजे आळीच्या टोकाला राहणारी पिंजाऱ्याची विधवा. नवरा गाद्यांचा कापूस पिंजायचा. तो गेला, पिंजायची धनुकली आढ्याला टांगलेली राहिली. तिच्या सासूने घालून दिलेला एक रिवाज ती पाळायची. बाजाराला जाणारा कुठलाही बैल आळीवरून तहानलेला जाता कामा नये. विहिरीशेजारची दगडी डोण ती एकटी भरायची. बाजाराच्या दिवशी झुंजूमुंजूला तिच्या दोराची कुरकुर सुरू व्हायची ती थेट ऊन उतरेपर्यंत. गाडीवान कांद्याची पोती घेऊन आले की बैल आपणहून डोणीपाशी थांबत. कासरा ओढायची गरज नसे.

गुरुजींनी तिला विचारलं तेव्हा मी काठावर पाय सोडून बसलो होतो.

"चाची, ही खाच तुमच्या घराची ना?"

"आमची कशाची वो? ती बैलांची हाय."

"म्हणजे पाणी तुम्हीच काढता ना?"

"काढती. पर ते जनावराचं पानी. त्यातल्या दोन घागरी घरला नेती, म्हणून काय खाच आमची व्हती व्हय?"

जनावराला पाजलेलं पाणी स्वतःच्या नावावर लावणं तिला पाप वाटायचं. गुरुजींनी लिहिलं, बैलांची खाच. मग ती घरात गेल्यावर माझ्याकडे वळले. "कुणाचे बैल रे?"

आता आमची खाच कशी होती ते सांगतो. मुंगी तीत लपली असती तर तिची शेपटी बाहेर राहिली असती. माझा बाप जुन्नरकडून एका गाडीनिशी आलेला. आळीतली पोरं मला "कालचं खोंड" म्हणायची. ते शब्द जेवतानासुद्धा घशात अडकायचे. गुरुजींचा टाक वर उचललेला, वहीचं पान कोरं. माझ्यासारख्याला एवढं पुरे.

"आमचे," मी म्हणालो. "खापरपणजोबांचे. चाचीची सासू आमच्या खाचेतून पाजायला लागली, एवढंच. बैल कसले, गुरुजी, आधी हत्ती होता! पेशव्यांच्या फौजेतला एक हत्ती इथे तहानेनं बसला. कुणाला उठवेना. खापरपणज्यानं एका दिवसात तीनशे पोहरे ओढले, दोराला जाळ लागला, तेव्हा ही खाच पडली. हत्तीनं सोंडेनं त्याचा फेटा बांधून दिला."

गुरुजी हसले, पण लिहीत राहिले. "आणि ही अर्ध्या बोटाची उथळ खाच कुणाची?"

"ती चाचीची असेल," मी म्हणालो. इतक्या सहज, की बोलताना तंबाखूसुद्धा थुंकली नाही. त्यांनी पान पुढे केलं आणि मी सही ठोकली.

महिन्याभराने जमिनीच्या खात्याचे सर्कल साहेब आले. रेल्वेच्या पलीकडे नव्या जागा आखल्या होत्या, पण घरं अकरा आणि जागा दहा. सगळ्यांत अलीकडचं घर वगळायचं ठरलं. कागद तर फक्त तिघांकडे होते. तेव्हा गुरुजींनी अभिमानाने वही पुढे केली. बिचाऱ्याला वाटलं, अखेर आपल्या इतिहासाचा कुणाला तरी उपयोग झाला. सरकारी माणसाला बोटांची मापं दिसली, खाली सह्या दिसल्या, आणि तो खूश झाला. यादी वाचली. पहिलं नाव आमचं, कोपऱ्याची जागा. शेवटी म्हणाला, "पिंजारीण. खाच अर्धं बोट. वगळली."

चाची डोणीपाशी उभी होती. आळी खाली बघत राहिली. खाच कुणाची हे दहाही घरांना ठाऊक होतं. पण जागा दहाच होत्या.

मी उठलो. खरं सांगतो, उठलो. "साहेब, ती पाच बोटांची खाच चाचीची आहे. आमची ती उथळ."

"अरे, मग हत्ती?"

"हत्ती नव्हता."

आळी खदाखदा हसली. एकजण ओरडला, "राव, हत्ती नव्हता तर फेटा कुणी बांधला?" पुन्हा हशा. गुरुजींचा चेहरा तेवढा पांढरा पडला. ते वहीकडे पाहत होते, जणू तिच्यात साप निघाला होता.

सर्कल साहेबांनी लेखणी शाईत बुडवली. "म्हणजे तुझा जबाब खोटा. मग तिचं नाव घालतो आणि तुझं खोडतो. बोल, खोडू?"

मी आईकडे पाहिलं. ती पदराचं टोक दातात धरून उभी होती. मग चाचीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती, डोणीतलं एक पान बोटाने बाजूला सारत होती.

आणि मी हसलो. "गंमत केली, साहेब."

आयुष्यात मी हजार थापा मारल्या. त्यातली हीच सगळ्यांत छोटी, आणि हिलाच कुणी हसलं नाही.

चाची चऱ्होलीला भावाकडे गेली. गाडीत धनुकली, दोन बोचकी आणि दोर. मी बोचकं उचलायला गेलो, तिने ते माझ्या हातून काढून घेतलं. गाडी हलल्यावर म्हणाली, "तुज्या हत्तीला आता पानी कोन पाजील रं?"

तिला भेटायला मी चऱ्होलीला एकदाही गेलो नाही. गुरुजी बदली मागून निघून गेले. वही शाळेत ठेवून गेले, पण माझं पान फाडायचा त्यांना धीर झाला नसावा. नव्या आळीची पोरं तो हत्ती खरा मानतात. मी म्हातारपणी त्यांना बसवून खरं सांगितलं, तर म्हणतात, "आजोबा, पुरे थापा." कोपऱ्याच्या त्या जागेत मी अजून राहतो. जागा चांगली आहे. दोन्ही बाजूंनी वारा येतो.

विहीर मुरुमाने बुजवली. काठाचे दगड रस्त्याच्या पायात गेले, पाच बोटांच्या खाचेचा तोही. तो मागून घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. डोण फोडली. पण बैलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस चाकणच्या गाड्या त्या जागी आल्या की जोड्या थबकायच्या. सपाट मुरुमावर मान खाली घालून उभ्या राहायच्या. गाडीवान शिव्या द्यायचे, चाबूक ओढायचे.

एका बाजाराच्या दिवशी कामावर जाताना मी तिथून चाललो होतो. एक गाडी थांबलेली. गाडीवान लांबच्या गावचा, वर्षातून एखाददा येणारा. बैलांच्या तोंडाला फेस होता.

"भाऊ," त्याने विचारलं, "इथं पाणी पाजणारी म्हातारी होती, ती कुठं गेली?"

मी त्या बैलांकडे पाहिलं. मग नेहमीसारखा हसलो.

"हाय की. दोर आणायला गेलीय. थांबा जरा, येईलच."

तो खाली उतरला, जू सैल केलं आणि वाट बघत बसला. मी मागे न बघता चालू लागलो.