फेसाचे फोटो

"ताई, जरा श्वास धरा," असं मला सांगणारा माणूस एकच होता.

देवपुरातल्या एका मंगल कार्यालयाची व्यवस्था मी बघते. आचारी, बँड, फोटोवाले, सगळ्यांच्या वेळा माझ्या कागदावर असतात. श्वास धरायला त्यात जागा नसते. पण हे फोटोवाले भाऊ मागच्या दारी, भांड्यांच्या हौदाशी पालथे पडलेले असायचे. कॅमेरा साबणाच्या फेसाला टेकतो की काय, इतका जवळ. मी रागवायला खाली वाकले तरी बुडबुडे फुटायचे.

तुम्हीही त्यांना कुणाच्या तरी लग्नात पाहिलं असेल. कोपरांना कायम चिखल. जिलेबीच्या पिठावरची जाळी, मठ्ठ्यावरचे बुडबुडे, त्यांना काहीही चालायचं.

एकदा मंगलाष्टकं सुरू झाली आणि भाऊ जागेवर नाहीत. नवरदेवाचे मामा पारोळ्याकडचे. ते थेट मागच्या दारी आले. "लगीन तठे शे भाऊ, आठे काय देखी ऱ्हायनात?" भाऊ धावले, तोवर अंतरपाट दूर झाला होता. तो फोटो राहिला तो राहिलाच.

आता यांना बोलवायचं नाही, असं ठरवून मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेले.

पलंगावर त्यांची बायको होती. हिवाळ्यात अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली, बोलणंही एकेका शब्दावर आलं. डॉक्टर म्हणाले होते, बोलतं ठेवा. नातेवाइकांचे फोटो दाखवले की ती रडायची, म्हणून भाऊ रोज नवा फेस शोधून आणायचे. कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "सांग, हाई काय शे?"

ती बराच वेळ बघत राहिली. "कापूस."

"नही. परत देख."

"ताक."

"परत देख."

तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात हसू होतं.

मला पोचवायला भाऊ फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तिला बघताक्षणी कळतं, ताई. पण लगेच सांगितलं तर बोलणं संपलं ना."

मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं नाही. पुढच्या लग्नांत मंगलाष्टकांच्या आधी मीच मागच्या दारी जाऊन त्यांना उठवू लागले.

तिला खरा बघायचा होता तो गवतावरचा फेस. "गवत", "थुंकी", "किडा", असा एकेक शब्द ती कित्येक संध्याकाळी जुळवत होती, तेव्हा कुठे भाऊंना उमगलं. लहानपणी माहेरच्या बांधावर ती काडीने तो फेस बाजूला करून आतला किडा शोधायची. पण उन्हाळ्यात आपल्याकडे गवत कुठलं? भाऊ म्हणाले, पाऊस पडू दे, आणतो.

ती पावसाआधीच गेली.

श्रावणात एका दुपारी भाऊ कार्यालयात आले. लग्नं नव्हती, मी सतरंज्यांच्या घड्या घालत होते. त्यांच्या कोपरांना ओला चिखल होता. मुलीकडे सुरतला कायमचं राहायला चाललोय, म्हणाले. मग त्यांनी कॅमेरा पुढे केला. गवताची काडी, तिच्यावर पांढरा फेस आणि फेसात पुसट हिरवा ठिपका.

"सांगा ताई, हे काय आहे?"

मी श्वास धरला. बघताक्षणी कळलं होतं.

"कापूस," मी म्हणाले.

त्यांनी कॅमेरा आणखी जवळ धरला.

"नाही," म्हणाले. "परत बघा."

"ताक."

"परत बघा."