पाच दिवस ऊन नाही

गेल्या वर्षी श्रावणात मधुकरराव तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, घसरले आणि त्यांचा घोटा मोडला. प्लास्टर निघालं तसे ते काठी टेकत पुन्हा पाळीवर जायला लागले. पाणी खुणेपर्यंत चढलं की ते सोडायला तलावाचं दार उघडावं लागे, नाहीतर पाळ फुटून खालचं धान वाहून जायचं. ती खूण बघायचं काम तीस वर्षं त्यांचंच.

त्यांची मुलगी डिंपल भंडाऱ्याला एका दुकानात पंपांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करायची. तिनं पाणी मोजणारं, उन्हावर चार्ज होणाऱ्या बॅटरीचं यंत्रच बनवलं. खूण गाठली की भोंगा वाजेल आणि तिच्या मोबाइलवर मेसेज येईल. मेसेज तिला स्वतःसाठी हवा होता. पाऊस लागला की दुकानात तिचं लक्ष लागत नसे.

टेबलावर यंत्र झकास चाललं. यंदा पावसाळ्याच्या तोंडी पाळीवर बसवलं, दोन दिवस झड लागली आणि बॅटरी उतरून ते बंद पडलं.

मग डिंपल वही घेऊन बसली. प्रत्येक कामापुढे तिनं लिहिलं: चिपची मेमरी किती खातं, वेळ किती घेतं, बॅटरीतून किती ओढतं. वर अट घातली, पाच दिवस ऊन नाही, तरी भोंगा वाजलाच पाहिजे. मोजणी मिनिटाऐवजी दहा मिनिटांनी केली. आकड्यांचा पडदा काढला. तरी गणित बसेना. पाळीवर रेंज अर्धवट, त्यामुळे टॉवर शोधता शोधता मेसेजच बॅटरी पिऊन टाकत होता. मोठ्या बॅटरीला खांबावरच्या पेटीत जागा नव्हती.

रविवारी ती पाळीखालच्या घरी रुखमिणीकाकूंकडे गेली.

"काकू, एकच ठेवता येते. भोंगा नाई तर मेसेज."

"भंडाऱ्यात बसून मेसेज वाचून तू काय करशीन बाई?" काकू म्हणाल्या. "दार उघडाले तं आमीच हाओ. आमाले आवाज पायजे."

डिंपलला ते पटलं. सिम काढून तिनं वहीच्या पानात ठेवलं.

भादव्यात, सलग पावसाच्या चौथ्या दिवशी, भर दुपारी भोंगा वाजला. काकू आणि शेजारचे चौघं धावले, दार उघडलं. पाळ राहिली. दुकानातल्या डिंपलला यातलं काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"वाजला वं माय तुवा भोंगा! मी पाळीवरच होतो."

"बाबा! मंग मी तो कायले बसवला?"

"खूण पायाले नाई गेलो. तो वाजते का नाई, ते पायाले गेलो."

डिंपल आधी रागावली, मग हसली, मग तिला डोळे पुसावे लागले.

दिवाळीनंतर पलीकडच्या गावचे बाबुलाल दुकानात आले. त्यांनाही असंच यंत्र हवं होतं. त्यांचा तलाव जंगलात, झाडांच्या सावलीत. डिंपलनं वहीचं कोरं पान काढलं आणि वर लिहिलं, आठ दिवस.