होडीने आलेली जिलबी
तुपात जिलबी तळल्याचा वास आला, की कल्याणला झालेल्या माझ्या लग्नाची पंगत आठवते. पहिलाच तुकडा मोडून वडील सगळ्यांदेखत म्हणाले, "कल्याणच्या जिलबीचं नाव फार ऐकलं होतं. पण आमच्या ठाण्याच्या हलवायाची सर नाही हिला. अगदीच मऊ पडली आहे." मीही हसून मान डोलावली. सासऱ्यांनी हात जोडले, "चुकलं आमचं, सांभाळून घ्या." पुढे संसारात रुळल्यावर बायको एकदा हळूच म्हणाली, "ती तुमच्याच हलवायाची होती. तुमच्याकडे दुसरी रुचत नाही, म्हणून माझ्या अण्णांनी आदल्या दिवशी होडीने आणवली होती." सासरे ठाण्याला आले की त्याच हलवायाची जिलबी खाऊन दरवेळी म्हणायचे, "हिची सर कशालाच नाही." आता ते नाहीत, पण जिलबी वाढली की माझी मान अजून वर होत नाही.