अखंड हुंकार आणि रहीमभाईंचा हात

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बुलढाण्यात पीठगिरणीसमोर दळणाचा डबा घेऊन उभा होतो. डबा तिथंच टाकला आणि हारवाल्याकडे धावलो. पालिकेच्या निकालाचे दिवस होते, दुकानात हारांचा नुसता खच. "मोठ्यातला द्या," एवढंच म्हणालो, पिशवी उचलली आणि बस गाठली. बायको, सुमन, दोन दिवस आधीच मामांच्या उशाशी गेली होती. अमडापूरला पोचलो, साऱ्या पाहुण्यांसमोर तो हार मामांच्या छातीवर ठेवला... आणि मग त्यावरची सोनेरी पट्टी वाचली. ‘विजयी उमेदवाराचे हार्दिक अभिनंदन’.

पट्टी ओढायला गेलो तर मामांचे लाऊडस्पीकरवाले रहीमभाई, त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू द्या जवाईबापू," ते हळूच म्हणाले, "पह्यल्यांदाच भेटला त्याले."

कोणीही हसलं नाही. मामा तसाच हार घालून गेले.

नारायणमामा म्हणजे सुमनचे सख्खे मामा. आईवडिलांमागे तिला त्यांनीच वाढवलं, लग्न लावून दिलं, आणि त्या लग्नात मंगलाष्टकांच्या आधी माइकवरून वीस-पंचवीस मिनिटं देशाच्या परिस्थितीवर बोलून घेतलं. मी बोहल्यावर उभा, घामानं निथळतोय, आणि मामा सांगतायत की राष्ट्र झोपलं आहे. राष्ट्राचं माहीत नाही, भटजींना मात्र खरंच डुलकी लागली होती.

त्यांचा धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. ध्यास मात्र अखंड हुंकार पक्षाचा. ते या पक्षाचे जिल्हाध्यक्ष होते आणि सबंध जिल्हा कार्यकारिणी एका जीपमध्ये मावायची, मागे भोंग्यांना जागा ठेवून. पक्ष कडवा, जहाल. त्याच्या मते मवाळ माणूस म्हणजे फितूर. त्या हिशेबानं मी पहिल्या दिवसापासून फितूरच. पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, मामांनी एकही निवडणूक सोडली नाही आणि एकाही निवडणुकीत त्यांचं डिपॉझिट वाचलं नाही. पक्षाला मान्यता नसल्यानं दर वेळी चिन्ह नवं मिळायचं. कपबशी लोकांच्या तोंडी बसते न बसते तोच शिवणयंत्र यायचं. एका म्हातारीनं तर भर सभेत विचारलं होतं, "नारायणा, मागच्या खेपेच्या कपबशीचं काय केलं रे?"

"फुटली माय," मामा माइकवरूनच म्हणाले, "आता फाटलेलं शिवू!"

सभेला गर्दी तुफान. माणूस बोलायचाच तसा. लोक बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून ऐकायचे, टाळ्या द्यायचे, आणि मत दुसऱ्याला देऊन मोकळे व्हायचे. मामांना राग नव्हता. "निवडून याचं मंग पाहू जवाईबापू," ते म्हणायचे, "एकडाव डिपॉझिट वाचलं पाह्यजे. मंग मी डोळे मिटाले मोकळा." निकालाच्या दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन आपल्याच घोषणांच्या भिंती पांढऱ्या करत फिरायचे. जिंकलेल्यांपैकी हे कोणी केलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि प्रत्येक सभेत त्यांच्या मागे, जीपमध्ये ॲम्प्लिफायरपाशी बसलेले रहीमभाई. मामांच्या धंद्यातले पहिल्यापासूनचे ऑपरेटर. मामा ज्यांच्याविरुद्ध बोलायचे, त्यांत रहीमभाईही आले, त्यांचं घरही आलं. हे कसं जमतं ते मला कधी कळलं नाही. एकदा धीर करून विचारलं, तर रहीमभाई वायर गुंडाळत म्हणाले, "धंदा हाय जवाईबापू. लग्नात काय सारी गाणी आपल्या पसंतीची वाजतेत?"

मागच्या विधानसभेला पक्षाच्या मुख्यालयातून एक साहेब आले. पांढरे बूट, हातात छापील भाषण. अमडापूरच्या बाजाराच्या दिवशी सभा. साहेबांनी मामांना बाजूला घेतलं. मी शेजारीच पिशवी धरून उभा होतो. मला असल्या वेळी नेहमी पिशवी धरायला देतात. "अध्यक्ष, तुम्ही सौम्य पडता. हे जसंच्या तसं वाचा, दणक्यात वाचा. डिपॉझिट वाचलं म्हणून समजा." कोणाच्या दुकानावर जायचं नाही, कोणाकडून भाजी घ्यायची नाही, अशी ती वाक्यं. समोर, सभेच्या अगदी तोंडावर, रहीमभाईंच्या धाकट्या भावाचा केळीचा गाडा लागलेला होता.

गर्दी वाढली म्हणून मी पिशवीसकट जीपमध्ये चढून रहीमभाईंच्या शेजारी बसलो. मामांनी सुरुवात केली. गर्जना म्हणजे गर्जना. मग ती वाक्यं आली... आणि मी पाहिलं, रहीमभाईंचा हात आवाजाच्या बटणावर गेला आणि सावकाश मागं फिरला. भोंग्यातून नुसती खरखर आली. मामांचे ओठ हलतायत, मूठ उगारलेली, आणि बाजारात ऐकू येतंय ते मेथीवाल्याचं ओरडणं. वाक्यं संपली तसा हात पुन्हा पुढं गेला, आवाज पुन्हा चढला. चेहऱ्यावर काही नाही. हात असा सरावलेला की मला कळून चुकलं, हे आजचं नाही.

साहेब जीपशी धावत आले. "आवाज वाढव! ए, आवाज वाढव!"

माइकवरचे मामा थांबले. मागं वळून पाहिलं नाही, एकदाही नाही. पुढंच पाहत म्हणाले, "मशीन जुनी हाय साहेब. तापते."

मी बाकावरून पडायचाच राहिलो. मामांच्या मशीनला जुनी म्हणायची कोणाची छाती नव्हती. एका नवरदेवाच्या बापानं म्हटलं होतं, तर भर वरातीतून भोंगे उतरवून घेतले होते. तीन शेतांपलीकडचा भोंगा फाटका वाजतोय हे त्यांना घरात जेवताना कळायचं. असा माणूस म्हणतोय, मशीन तापते!

डिपॉझिट गेलं. काही दिवसांनी फोनवरून अध्यक्षपदही गेलं. मामांनी चुन्याची बादली उचलली. विचार मात्र बदलले नाहीत. शेवटच्या दुखण्यातही मला राष्ट्राची अवस्था सांगत होते आणि रहीमभाई पायथ्याशी बसून त्यांच्या पायाला तेल चोळत होते.

तेरवीच्या दिवशी मंडपाचं काम आटोपल्यावर मी रहीमभाईंना त्या सभेचं विचारलं. ॲम्प्लिफायर पुसत होते. बाकीच्या बटणांवरचे आकडे शाबूत, त्या एका बटणाचे मात्र घासून गेलेले. "मी कदी सांगतलं नाई," ते म्हणाले, "त्यानं कदी इचारलं नाई. पह्यल्या विलेक्शनपासून असंच." मग फडकं झटकून मशीन झाकून ठेवली.

परतीच्या बसमध्ये मी सारं सुमनला सांगितलं. म्हटलं, अगं, केवढी माणसं ही! एकानं आवाज कमी करायचा, दुसऱ्यानं तो कमी होऊ द्यायचा, जन्माची हौस त्यापायी घालवायची आणि उभ्या आयुष्यात एका शब्दानं बोलायचं नाही... आपल्याच्यानं झालं असतं का?

ती खिडकीबाहेर पाहत होती. चिखली मागं पडलं. मग डोळे पुसून म्हणाली, "एवढं समजत होतं मामाले, तं बोलनंच काऊन नाई सोडलं त्यानं? रहीमभाऊनं सारा जनम त्या बटनावर हात धरून बसावं काय?"