पापणी न लवणारा हवालदार

कॅमेऱ्यापुढे पापणी लवू द्यायची नाही, हा कंग्राळीच्या परशराम हवालदाराचा जन्मभराचा नेम. त्याला कारण होतं. पलटणीत नवा असताना त्याने कॅम्पातल्या स्टुडिओत फोटो काढून मच्छे गावी, मुलीच्या घरी पाठवला. नेमके डोळे मिटलेले. मुलीच्या बापाने फोटो परत धाडला, वर निरोप : पोरगा जिवंत असला तर जिवंतपणीचा फोटो पाठवावा. दुसऱ्या फोटोत परशरामने डोळे असे ताणले, की सोयरीक जमली खरी, पण जयाबाई हळद लागेपर्यंत धास्तावलेली होती. तेव्हापासून लग्नाचा फोटो असो, कँटीनचं कार्ड असो, की नातवाचं बारसं, परशराम आपला शत्रूवर नजर ठेवून बसलेला.

यंदा नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाईलवर काढायचा होता. आजवर तो कॅम्पातल्या बँकेत जाई, साहेब मान वर करून "आलात?" म्हणत, आणि तेवढ्यावर परशराम वर्षभर जिवंत राही. आता गावच्या सेवा केंद्रात, तिथे कामाला असलेल्या रचनाने त्याच्या तोंडासमोर मोबाईल धरला.

"आप्पा, तोंड त्या गोलात ऱ्हाऊ द्या. आता डोळं मिचकवा."

"परक्या पोरीसमोर?"

"पेन्शनसाठी वो. समोर फोटो न्हाय, खरा माणूस बसलाय, हे मोबाईलला कळाय नको?"

परशराम सावधान बसला. डोळे ताठ. मोबाईलने बराच वेळ वाट पाहिली आणि नकार दिला. दुसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटले ते मिटलेच.

"उघडा की वो."

"मिटाय सांगितलंस. उघडाय कुठं सांगितलंस?"

रेशनकार्डासाठी मागे थांबलेल्या गुंडूला राहवेना. त्याने परशरामच्या कानाशी फाडकन टाळी वाजवली.

"गोळीबारात उभा ऱ्हायलोय रं मी. तुझ्या टाळीला भितोय व्हय?"

मग गुंडूने वहीच्या पुठ्ठ्याने वारा घातला. डोळ्यांतून पाणी गालावर आलं, पण पापणी हलली नाही. परशरामला मनातून जरा अभिमानच वाटला.

रचनाने मोबाईल खाली ठेवला. "आप्पा, महिना संपाय आलाय. दाखला झाला न्हाय तर पेन्शन थांबतीय बघा."

अभिमान तिथेच विरला. घर त्या पेन्शनवर चालत होतं, जयाबाईची रक्तदाबाची गोळीसुद्धा. त्याने मनापासून प्रयत्न केला. पण समोर कॅमेरा आला की डोळे मिचकवायचा हुकूम पापण्यांपर्यंत पोचतच नव्हता. माणूस घरी हजार वेळा डोळे मिटतो, तेव्हा कुणी विचारत नाही.

त्याच्याबरोबर आलेली जयाबाई बाकावर पदर सावरून बसली होती. आता तिने शांतपणे विचारलं, "रचना, मग ह्यांच्या माघारी मला मिळतीय ती पेन्शन, तिला काय काय कागद लागत्यात गं?"

मान वळवायची मुभा नव्हती, म्हणून परशराम मोबाईलकडेच बघत राहिला. पण पापण्या एकदा मिटल्या, पुन्हा मिटल्या, मग भराभर.

"झालं," रचना म्हणाली.

घरी जाताना कोबीच्या शेतांवरून गार वारा येत होता. परशराम पुढे, जयाबाई मागे.

"मी डोळं मिचकवावं म्हणून इचारलंस, व्हय न्हवं?"

"व्हय की," जयाबाई म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर तीच म्हणाली, "पण तिनं कागद सांगितलंच न्हाईत. मला ठावं असाय नको?"

परशराम थांबला. घरचे सगळे कागद त्याच्या लोखंडी ट्रंकेत असत. ट्रंकेची किल्ली कुठे असते, हे त्याने बायकोला कधीच सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कधी विचारलं नव्हतं.

"ट्रंक उघडून दावतो," तो म्हणाला. "पण उद्या. आज आत्ताच कुठं जिवंत झालोय."

"आजच," जयाबाई म्हणाली आणि त्याला मागे टाकून पुढे चालू लागली.